मनातले मांडे कुठल्या खापरावर भाजतात?

आमचे आप्पा आजच्या दिवसात फारसे कधी राहिलेच नाहीत. यावल तालुक्यातला केळी लावणारा माणूस. ताटातली भाकरी आजची, पण बोलणं पुढच्या सालाचं. मृगबाग धरायची की थांबून कांदेबाग लावायची, विहीर चैत्रापर्यंत साथ देईल का, पिलबाग ठेवायची की मोडून गहू पेरायचा. आई वैतागून म्हणायची, “आधी पुढ्यातलं जेवा, मग पुढचं पेरा.”

दोन-अडीच वर्षांपासून आप्पा विसरायला लागले. डॉक्टर म्हणाले, विस्मरणाचा आजार आहे, हळूहळू वाढत जाईल. तेव्हापासून आम्ही सगळे त्यांच्या मागच्या गोष्टींची राखण करत बसलो. सकाळी काय खाल्लं, गोळी घेतली का, दारात कोण आलंय ते ओळखलं का. यंदा आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, माहेरी गेले, तेव्हा ओट्यावर त्यांच्याशेजारी टेकले आणि सहज विचारलं, “आप्पा, पावसाळ्यात काय लावायचं यंदा?” आप्पा बराच वेळ अंगणाकडे पाहत राहिले. मग म्हणाले, “लावतीन पोरं काहीतरी.” बोलण्यात दुःख नव्हतं, रागही नव्हता. काहीतरी आणायला आतल्या खोलीत गेलेला माणूस कशाला आलो ते विसरून रिकाम्या हाताने बाहेर येतो ना, तसा चेहरा होता.

आप्पांचा ‘काल’ जातोय हे आम्ही रोज पाहत होतो. त्यांचा ‘उद्या’ही गेलाय, हे घरात कुणाच्या ध्यानातच आलं नव्हतं.

मी धुळ्याला शाळेत विज्ञान शिकवते. मी काही मेंदूची डॉक्टर नाही, आणि एका आप्पांवरून सिद्धांत मांडायचा नसतो हेही मला कळतं. पण आठवणं आणि कल्पना करणं ही दोन्ही कामं मेंदूत बरीचशी एकाच यंत्रावर चालतात, असं गेल्या चाळीसेक वर्षांचं संशोधन सांगतं. समजायला ते अवघड नाही. फक्त आठवणीबद्दल आपल्या डोक्यात पक्कं बसलेलं एक चित्र आधी उतरवून ठेवावं लागतं.

रिकाम्या खोलीतली खुर्ची

१९८१ साली कॅनडात टोरांटो भागातल्या केंट कॉक्रेन नावाच्या तरुणाचा मोटरसायकलवर अपघात झाला. वय ३०. डोक्याला जबर मार बसला, पण तो वाचला. बोलणं-चालणं नीट, बुद्धी शाबूत. घरचा पत्ता सांगायचा, बुद्धिबळ खेळायचा. आपला भाऊ वारलाय हे त्याला माहीत होतं. मात्र ती बातमी कानावर पडली तो क्षण त्याच्याकडे नव्हता. आयुष्यात स्वतःवर गुदरलेला एकही प्रसंग त्याला आतून आठवेना.

त्याचा अभ्यास करणारे मानसशास्त्रज्ञ एंडेल टुल्विंग यांनी १९७२ मध्येच स्मृतीचे दोन प्रकार वेगळे करून दाखवले होते. तापी पश्चिमेकडे वाहते हे ठाऊक असणं ही ज्ञानस्मृती. लहानपणी तापीत पहिल्यांदा उतरलात, पाण्याखालचा गोटा पायाला टोचला आणि मामाने बखोट धरून वर ओढलं, ही प्रसंगस्मृती. केंटची पहिली टिकली होती, दुसरी साफ पुसली गेली होती.

इथवर ठीक. डोक्याला मार लागला, आठवणी गेल्या. पण टुल्विंग यांनी एक वेगळा प्रश्न विचारला: उद्या काय करणार आहेस? उत्तर आलं, कोरं आहे. कालचं आठवताना जे कोरेपण जाणवतं आणि उद्याचं योजताना जे जाणवतं, त्यात काही फरक? त्याने सांगितलं, दोन्ही एकाच जातीची. रिकाम्या खोलीत उभं करून कुणी खुर्ची शोधायला सांगावं, तसं वाटतं. टुल्विंग यांनी हे १९८५ मध्ये लिहून प्रसिद्ध केलं.

‘उद्या’ तर अजून घडलेलाच नाही. जे घडलं नाही ते विसरणार कसं? गोम इथेच आहे.

जाता जाता एक. भुसावळच्या स्टेशनवरची हिंदी ऐका. “कल आया था” आणि “कल आऊँगा”, दोन्हीकडे शब्द एकच. शाळेत असताना मला हा त्या भाषेचा आळस वाटायचा. आता वाटत नाही.

समुद्रकिनारा उभा राहीना

एआयच्या बातम्यांत डेमिस हसाबिस हे नाव तुम्ही वाचलं असेल. २०२४ चं रसायनशास्त्राचं नोबेल ज्या तिघांना मिळालं, त्यांतले हे एक. प्रथिनांचा आकार संगणकाकडून ओळखून घेतला म्हणून ते मिळालं. पण त्याआधी हा माणूस लंडनमध्ये एलनॉर मॅग्वायर यांच्या हाताखाली मेंदूतल्या स्मृतीवर काम करत होता. २००७ मध्ये त्यांनी सहकाऱ्यांसोबत केलेला एक प्रयोग फार गाजला.

हिप्पोकॅम्पस नावाचा मेंदूचा भाग दोन्ही बाजूंनी बिघडलेले पाच रुग्ण त्यांनी घेतले. त्यांना काहीही आठवायला सांगितलं नाही. सांगितलं ते इतकंच: एखाद्या उष्ण प्रदेशातल्या सुंदर किनाऱ्यावर पांढऱ्या वाळूत तुम्ही पडला आहात, असं मनात आणा आणि काय दिसतं ते बोला. धडधाकट माणसं रंगवून सांगू लागली. रुग्णांपैकी बहुतेकांना तुकडेच सापडले. आभाळ आहे, पाण्याचा आवाज आहे, पक्षी ओरडताहेत. पण ते सगळं मिळून एक जागा तयार होईना. किनारा उभा राहीना.

आपल्याकडचं उदाहरण घ्या. तुम्ही सारंगखेड्याच्या यात्रेला कधीच गेला नसाल. तरी नाव काढलं की दत्तजयंतीची थंडी, तापीचा काठ, घोड्यांची रांग, टापांनी उडणारी धूळ आणि कपातल्या चहाची वाफ असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं, आणि त्यात तुम्ही कुठे उभे आहात तेही कळतं. घोडा तुम्ही वरातीत पाहिलाय, धूळ उन्हाळ्यात खाल्लीय, यात्रा दुसऱ्या गावची पाहिलीय. तुकडे सगळे जुने, यात्रा कोरी करकरीत. त्या रुग्णांपाशीही तुकडे होते. त्यांना जागेवर बसवून देणारं कुणी उरलं नव्हतं.

मंडपवाला आणि त्याचा मुकादम

आता ते डोक्यात बसलेलं चित्र. आठवण म्हणजे फोनमधला व्हिडिओ, हवा तेव्हा काढावा आणि बघावा, असं आपण धरून चालतो. आपल्या आजीच्या पिढीला ती माळ्यावरच्या बरणीतली कैरी वाटायची. काळ बदलला तशी वस्तू बदलली. समजूत तीच राहिली, की आत काहीतरी अख्खं ठेवलेलं आहे.

मेंदू तसं ठेवत नाही. माझ्या मते तो मंडपवाल्यासारखं काम करतो. मंडपवाल्याच्या गोदामात कधी अख्खा मंडप पाहिलाय का? तिथे बांबू एका कोपऱ्यात, कापडाचे तागे दुसरीकडे, खुर्च्यांची चळत भिंतीला, झुंबरं आणि वायरी पेटीत. लग्न आलं की माल निघतो, दिवसभर मंडप उभा राहतो, रात्री सुटतो आणि पुन्हा गोदामात जातो. तोच बांबू परवा पाचोऱ्याच्या लग्नात होता, आज चोपड्याला सप्त्यात आहे, उद्या कुणाच्या दशक्रियेत असेल.

आठवणीचंही तसंच. माणसाचा चेहरा मेंदूच्या एका भागात, आवाज दुसऱ्या, वास तिसऱ्या, त्या वेळी वाटलेली भीती आणखी कुठे. ‘माझी बारावीची परीक्षा’ असं म्हणताच हा सगळा माल काढून नवा मंडप उभा होतो, आणि विषय बदलला की सुटतो. दर वेळी नव्याने. या धंद्यात मालापेक्षा महत्त्वाचा असतो मुकादम. कुठला बांबू कुठल्या खड्ड्यात, कुठल्या दोरीला कुठलं कापड, हे त्याच्या डोक्यात असतं. मेंदूत ही मुकादमी करतो हिप्पोकॅम्पस.

मुकादम आजारी पडला तर काय अडेल? गेल्या वर्षीच्या लग्नातला मंडप जसाच्या तसा पुन्हा उभा करणं अडेल, ती झाली स्मृती. आजवर कधी न केलेला, गिऱ्हाइकाने नुसता तोंडी सांगितलेला मंडप उभा करणंही अडेल, ती झाली कल्पना. केंटचा उद्या का गेला, ते इथे उलगडतं. आणि गावच्या मंदिरापुढची पक्की शेड मात्र मुकादमाशिवायही उभीच असते. ती ज्ञानस्मृती. म्हणून विसरणाऱ्या माणसालाही पाढे येतात, आरती तोंडपाठ असते.

कानामागचा घोडा

हिप्पोकॅम्पस म्हणजे ग्रीक भाषेत समुद्रघोडा. मेंदू चिरल्यावर हा भाग त्या वाकड्या शेपटीच्या माशासारखा दिसतो, म्हणून सोळाव्या शतकात एका इटालियन शरीरशास्त्रज्ञाने हे नाव दिलं. डावीकडे एक आणि उजवीकडे एक, कानाच्या वरून आत गेलं की लागतो. लांबी जेमतेम चार-पाच सेंटीमीटर.

तो काय करतो हे पहिल्यांदा एका चुकीतून कळलं. १९५३ मध्ये अमेरिकेत हेन्री मोलेसन या तरुणाच्या फिट्स थांबाव्यात म्हणून डॉक्टरांनी दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा मोठा भाग काढून टाकला. फिट्स कमी झाल्या, पण नवी आठवण धरण्याची शक्ती गेली. २००८ मध्ये ८२ व्या वर्षी तो वारला, तोवर संशोधक त्याच्याकडे येत राहिले. ब्रेंडा मिलनर या बाईंनी तर कित्येक वर्षं त्याचा अभ्यास केला. दर भेटीत त्याला त्या नव्याच वाटायच्या.

उंदरांवरचं काम मला जास्त आवडतं. १९७१ मध्ये जॉन ओ’कीफ यांना उंदराच्या हिप्पोकॅम्पसमध्ये अशा पेशी सापडल्या की उंदीर पेटीच्या ठरावीक कोपऱ्यात आला की ठरावीक पेशी जागी होते. म्हणजे आत नकाशा आहे. या शोधासाठी त्यांना पुढे २०१४ चं नोबेल दोघांसोबत विभागून मिळालं. मग २००७ मध्ये अमेरिकेतल्या दोन संशोधकांनी एक गंमत टिपली. दोन वाटा फुटतात तिथे उंदीर थबकला, मान इकडे-तिकडे वळवू लागला. त्या क्षणी त्याच्या आत आधी डाव्या वाटेवरच्या पेशी ओळीने चमकल्या, मग उजव्या. उंदीर जागचा हललाही नव्हता. आधी चाललेल्या वाटांची आठवणच तो पुढे पाठवून बघत होता.

बियाण्याच्या दुकानापुढे दोन पाकिटं हातात घेऊन उभा असलेला शेतकरी मी पाहिलाय. नजर पाकिटावर, पण मन मागच्या खरिपात जाऊन पुढच्या दिवाळीत पोचलेलं. दुकानदाराला वाटतं, भाऊ भावात अडलाय.

खऱ्या मांड्यांशिवाय मनातले मांडे नाहीत

‘मनातले मांडे’ हा शब्द आपण रिकामटेकड्यासाठी वापरतो. मी आखाजीला आईला मांडे करताना पाहते तेव्हा मला त्या शब्दाचं नवल वाटतं. पुरणाचा उंडा दोन्ही हातांवर झेलत झेलत ती असा पसरवते की खालची बोटं दिसावीत, आणि चुलीवर पालथ्या घातलेल्या खापरावर एका झटक्यात टाकते. हे ज्याने एकदाही पाहिलं-खाल्लं नाही, तो मनात मांडे खाईल कसे? फार तर पोळी खाईल. मनातल्या मांड्यांनाही खापर लागतं, आणि ते खापर आठवणीचं असतं.

२००७ मध्येच डॅनियल शॅक्टर आणि डोना अॅडिस यांनी हा विचार नीट मांडला. मेंदूचं कामकाज दाखवणाऱ्या स्कॅनमध्ये माणसांना घालून त्यांनी एकदा जुना प्रसंग आठवायला लावला आणि एकदा पुढचा संभाव्य प्रसंग कल्पायला लावला. दोन्ही वेळी बव्हंशी तेच भाग कामाला लागले. त्यांचं म्हणणं असं की मागचं साठवणं हे स्मृतीचं एकमेव काम नाही. जुने तुकडे नव्या जोडणीत बसवून पुढचा दिवस आधीच चालून बघता यावा, यासाठीही ती आहे. जगायला लागतं ते हेच. गेल्या मे महिन्यातल्या वादळात केळी आडवी झाली हे लक्षात राहून उपयोग काय, तर यंदा वाऱ्याच्या बाजूला आडोसा करायचा.

लहान मुलांकडे पाहा. तीन वर्षांच्या पोराला “काल काय केलं?” विचारा आणि “उद्या काय करशील?” विचारा. दोन्हींची उत्तरं वाऱ्यावरची. पाचव्या वर्षापर्यंत दोन्ही बरोबरीने सुधारतात. उतारवयातही जोडी सुटत नाही. जुने प्रसंग सांगताना ज्यांच्या बोलण्यातले बारकावे कमी झालेले असतात, त्यांच्या पुढच्या कल्पनेतलेही कमी होतात, हे अॅडिस यांच्याच गटाने २००८ मध्ये दाखवलं.

“म्हणजे माझ्या आठवणी खोट्या?”

हा प्रश्न मी कुणालाही हे सांगितलं की हमखास येतो, आणि जरा रागानेच येतो. खोट्या नाहीत. पण दर वेळी नव्याने बांधलेल्या आहेत, आणि बांधताना कधीकधी दुसऱ्या गोदामातला माल येतो.

माझंच सांगते. आखाजीच्या झोक्यावरून मी लहानपणी पडले होते. लिंबाची फांदी, पिवळा नायलॉनचा दोर, खाली ढेकळं, आणि पडल्यावर बायकांचा एकदम थांबलेला गाण्याचा आवाज. हनुवटीवरची खूण मी त्याचीच म्हणून दाखवायचे. नवऱ्याला सांगितलं, मुलांना सांगितलं, वर्गात तर गुरुत्वाकर्षण शिकवताना सांगितलं. तीन वर्षांपूर्वी मोठी बहीण ऐकत होती. म्हणाली, “अगं, पडले ते मी. तू तेव्हा आईच्या मांडीवर होतीस. तुझी हनुवटी तर न्हाणीत फुटली.” आईने मान डोलावली. विषय संपला.

मी मात्र रात्रभर तो प्रसंग उलटून-पालटून पाहिला आणि एक गोष्ट ध्यानात आली. त्या आठवणीत मला पडणारी मुलगी दिसते. फ्रॉक दिसतो, पाठ दिसते. मी स्वतः पडत असेन तर मला माझी पाठ कशी दिसेल? तुम्हीही करून बघा. लहानपणचा एखादा प्रसंग आठवा आणि त्यात तुम्ही स्वतः दिसता का ते पाहा. दिसत असाल, तर ते दृश्य तुमच्या डोळ्यांनी टिपलेलं नाही, मागाहून कुणीतरी बांधलंय. म्हणून प्रसंगच खोटा ठरत नाही. मंडप मात्र नवा आहे.

एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये विद्यार्थ्यांना गाड्यांच्या अपघाताची फिल्म दाखवली. काहींना विचारलं, गाड्या धडकल्या तेव्हा वेग किती होता? काहींना विचारलं, गाड्यांचा चुराडा झाला तेव्हा किती होता? आठवड्याने सगळ्यांना एकच प्रश्न होता: फुटलेली काच दिसली का? ‘चुराडा’ ऐकलेल्या ५० जणांपैकी १६ हो म्हणाले, ‘धडकल्या’ ऐकलेल्या ५० पैकी ७. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. एका शब्दाने गोदामातून काच काढून दिली.

माझं मत विचाराल तर ही खोड नाही, किंमत आहे. सुटे बांबू ठेवले म्हणून हवा तसा मंडप बांधता येतो, आणि सुटे ठेवले म्हणूनच ते मिसळतात. एकात एक वेल्डिंग करून ठेवलेला मंडप कधी चुकणार नाही, पण तो दुसऱ्या अंगणात बसणारही नाही.

“पण आमच्या काकांना तारीखवार आठवतं”

असे लोक असतात. आयुष्यातल्या कुठल्याही तारखेला काय झालं ते सांगणाऱ्या माणसांचा अभ्यास अमेरिकेत २००६ पासून चाललाय. २०१३ मध्ये अशा लोकांवर खोट्या आठवणी पेरण्याच्या नेहमीच्या चाचण्या करून पाहिल्या. तेही आपल्यासारखेच फसले. तेव्हा काकांना मान द्या, पण बांधाच्या वादात त्यांच्या आठवणीपेक्षा मोजणीचा नकाशा काढा. एखादी आठवण ठसठशीत असणं वेगळं आणि बरोबर असणं वेगळं.

उलट टोकही आहे. काहींना डोळे मिटल्यावर चित्र म्हणून काहीच दिसत नाही. आईचा चेहरा मनात आणा म्हटलं तर आई माहीत असते, चेहरा दिसत नाही. २०१५ मध्ये ब्रिटिश डॉक्टर अॅडम झीमन यांनी याला अफँटेशिया असं नाव दिलं. हा आजार नाही, ही माणसं उत्तम काम करतात, चित्रंही काढतात. पण त्यांच्यापैकी अनेकांच्या स्वतःच्या आयुष्यातल्या आठवणीही फिकट असतात. एक वायर ढिली असली की दोन्ही दिवे मंद.

सगळे पंडित एका मताचे आहेत का?

नाहीत, आणि ते सांगितल्याशिवाय पुढे जाणं बरं नव्हे. २०१० मध्ये लॅरी स्क्वायर यांच्या गटाने हिप्पोकॅम्पसपुरतीच इजा असलेले रुग्ण तपासले, तर त्यांना पुढची कल्पना बऱ्यापैकी करता आली. त्यांचं म्हणणं, आधीच्या रुग्णांची इजा आजूबाजूलाही पसरलेली असणार. शिवाय ज्यांचा हिप्पोकॅम्पस अगदी लहानपणी बिघडला, त्यांच्यातल्या काहींना कल्पना करता येते. म्हणजे सगळं काम एकट्या मुकादमाच्या माथी मारता येत नाही, आणि लहानपणापासून तो नसेल तर बाकीची माणसं काहीतरी वाट काढतात. नेमकं कोण काय करतं यावर वाद आहे. आठवण आणि कल्पना एकाच गोदामातून माल उचलतात, हे मात्र आता फारसं कुणी नाकारत नाही.

कोर्टात आणि घरात

ओळख परेड हा शब्द बातम्यांत येतो. रांगेत उभ्या माणसांतून साक्षीदाराने आरोपी ओळखला. आपल्या कायद्यात अशा परेडला एकटीला पुरावा धरत नाहीत, ती दुसऱ्या पुराव्याला नुसता टेकू देते, आणि ते शहाणपणाचं आहे. मधल्या काळात साक्षीदाराने वर्तमानपत्रातला फोटो पाहिला असेल, तर तो चेहरा त्या रात्रीच्या अंधारात जाऊन बसलेला असू शकतो, आणि साक्षीदार तरीही शपथेवर खरंच बोलत असतो. नार्को चाचणीबद्दलही हेच. इंजेक्शन दिलं की आतली टेप आपोआप वाजते, अशी लोकांची समजूत आहे. आत टेपच नसेल तर वाजणार काय? गुंगीत आठवण आणि कल्पना यांतली भिंत आणखी पातळ होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये संमतीशिवाय ही चाचणी करायला मनाई केली. न्यायालयाचा मुख्य मुद्दा कुणालाही स्वतःविरुद्ध बोलायला भाग पाडता येत नाही हा होता, पण मेंदूकडून पाहिलं तरी निर्णय योग्यच वाटतो.

घरातली एक गोष्ट जास्त जवळची आहे. खोल उदासीत सापडलेल्या माणसाला “एखादा आनंदाचा दिवस सांग” म्हटलं, तर तो ठरावीक दिवस सांगत नाही. “कॉलेजात असताना बरं होतं” असं ढोबळ बोलतो. मार्क विल्यम्स यांच्या गटाने १९९६ मध्ये दाखवलं की अशा माणसांचं पुढचं चित्रही तितकंच ढोबळ असतं. पुढचं काही दिसत नाही, असं एखादा म्हणतो तेव्हा तो रडगाणं गात नसतो, त्याला खरोखर दिसत नसतं. “हिंमत धर, सगळं ठीक होईल” हे त्याला ऐकू येतं, पण त्यातून मंडप उभा राहत नाही. “बुधवारी सकाळी मी येते, आपण दोघं दवाखान्यात जाऊ, येताना चहा घेऊ,” यातून निदान एक खुर्ची मांडली जाते.

शॅक्टर यांच्या गटाने आणखी एक साधी गोष्ट तपासली आहे. आधी एखादा पाहिलेला प्रसंग बारीकसारीक तपशिलासह आठवायला लावला, कोण कुठे होतं, हातात काय होतं, तर त्यानंतर केलेल्या पुढच्या कल्पनेतही तपशील वाढतात. मी हे वर्गात निबंधाआधी करून घेते. ‘माझा आवडता सण’ लिहायच्या आधी पाच मिनिटं नुसतं बोलायचं: गेल्या कानबाईला घरात कुणी काय केलं, पहाटे कुठला वास आला. निबंध बरे येतात. निदान ‘सण आनंदाने साजरा करतात’ एवढ्यावर थांबत नाहीत.

आप्पांवरही करून पाहिलं. आजार यामुळे मागे फिरणार नाही हे माहीत असूनही. “काय लावायचं?” हा प्रश्न मी सोडून दिला. हातात मांड्याचा तुकडा दिला, आमरसाची वाटी पुढे केली आणि नुसती बसून राहिले. आतून आईच्या खापराचा धूर येत होता. आप्पांनी तुकडा रसात बुडवला, थोडा वेळ चघळला आणि म्हणाले, “तुह्या लग्नात लय पाऊस होता.”

माझं लग्न भर मेमध्ये झालं. आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. पाऊस पडला होता तो आत्याच्या लग्नात, मी जन्माला यायच्या आधी.

“मांडव गळत होता,” आप्पा म्हणाले. “पंगत उठून ओसरीत आणली.”

“हो आप्पा,” मी म्हटलं. “खूप गळत होता.”